चाकूरच्या मावशींना न सांगितलेला विमा

माझा स्वभाव असा की घरात कुणी गप्प बसलं की माझा जीव वरखाली होतो. भांडा, ओरडा, ताट आपटा, पण बोला. लग्न होऊन नांदेडाकडून लातुरात आले तेव्हा सासरच्यांनी आधी माझ्या बोलण्यालाच नावं ठेवली. मी "येऊन राहिले, करून राहिले" म्हणायची आणि आमचे मालक माझी नक्कल करायचे. "काय राहिलीस गं? अजून किती राहणार?" मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. म्हणायची, कोर्टात घसा सुकेपर्यंत बोलता आणि घरात आलात की तोंडाला कुलूप, त्यापेक्षा माझं राहणं बरं.

मालक वकील. जमिनीची कामं बघायचे. ओसरीवर त्यांचं टेबल, पुस्तकांचं कपाट आणि पक्षकारांसाठी एक लांब बाकडं. गावोगावची माणसं तारखेच्या दिवशी पहिल्या एसटीनं यायची आणि सरळ आमच्याकडं. भाकरी त्यांची, कोरड्यास माझं. आमच्याकडं वकील म्हणजे नुसता कामापुरता माणूस नव्हता, तारखेच्या गावातलं ते एक हक्काचं घर असायचं. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या बैलाचं दुखणं, सगळं माझ्या चुलीपर्यंत यायचं.

लातूर जिल्हा झाला त्या काळातली ही गोष्ट. फटाके उडाले, गुलाल उधळला, आमच्या ओसरीवरही पेढे आले. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत बसल्या, रंगाऱ्यांना उसंत नव्हती, जिकडंतिकडं पाट्या बदलत होत्या. पण पाऊस आदल्या वर्षी दगा देऊन गेला होता आणि त्याही वर्षी तेच. जिल्हा आला आणि नळ गेला, असं आमच्या गल्लीतल्या बायका टँकरपाशी भांडता भांडता म्हणायच्या. मी घागर खाली ठेवायची, पुन्हा उचलायची, टँकरच्या वाटेकडं बघायची, घरात जायची, परत यायची. एका जागी बसवतच नव्हतं.

लोकांच्या तोंडात मात्र जुनाच जिल्हा बसलेला. "जिल्ह्याला जाऊन येतो" म्हटलं की माणूस सवयीनं उस्मानाबादची एसटी धरायचा आणि अर्ध्या वाटेत कपाळाला हात लावायचा. आम्ही पोट धरून हसायचो. हाच फटका आपल्या घरात बसेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

त्याच सुमारास माझा धाकटा भाऊ नांदेडहून आला. तो एका विमा कंपनीत नोकरीला होता आणि त्याच्यामागं वरून सारखा तगादा, नवी गिऱ्हाइकं आणा, नवी गिऱ्हाइकं आणा. मालकांच्या स्कूटरचा विमा करायला म्हणून बसला आणि हळूच दुसरा कागद पुढं सरकवला. "दाजी, हाही घेऊन टाका. तुमच्या कामात चूक झाली, पक्षकाराचं नुकसान झालं आणि त्यानं तुमच्याकडं भरपाई मागितली, तर कंपनी भरून देते. डॉक्टर लोक घेऊन राहिले, वकिलानं घेतला तर काय बिघडलं?"

मालक हसले. "म्हणजे मी चुकणार हे तू आत्ताच ठरवलंस होय?"

"तसं न्हाई दाजी. स्कूटरचा घेता तेव्हा पडायचं ठरवता का?"

मेहुण्याचं मन मोडायला नको म्हणून त्यांनी सही केली. भाऊ चहा पिऊन खुशीत गेला. मी म्हटलं, "बरं झालं की. आता पक्षकारांना सांगून टाका. त्यांनाही धीर येईल."

तर हे एकदम उखडले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? जेवायला बसलेल्या पाहुण्याला आधी जुलाबाची गोळी दाखवतेस का तू? पक्षकार म्हणेल, हा गडी चुकायची तयारी करूनच बसलाय. आणि ज्याला भांडण उकरून काढायचंय त्याला तर आयतंच सापडलं. बाररूममध्ये कळलं तर माझी जी फजिती होईल ती वेगळीच."

"अहो, पण पाहुण्याचं पोट बिघडलं तर घरात गोळी आहे हे त्याला ठाऊक नको का?"

"तूच हो वकील," म्हणाले आणि पेपर उघडला. पेपर उघडला की बोलणं संपलं. माझं पित्त खवळायचं ते ह्याच गोष्टीनं.

आता चाकूरच्या मावशी. ह्या मालकांच्या जुन्या पक्षकार. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी उदगीरला दिलेली. शेत मावशी स्वतः बघायच्या, गड्यांना कामाला लावायच्या, अडतीवर मापाड्याशी भांडायच्या. हाडापेरानं मोठी बाई, कपाळाला भस्म, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी कळावं, मावशी आल्या. एसटीतून उतरून आल्या की आधी हातपाय धुवायच्या, ओसरीच्या कोपऱ्यात बसून गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायच्या आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत. पाण्याची एवढी मारामार, पण त्यांच्या पूजेचा तांब्या मी बाजूला भरून ठेवायचीच. मग "शरणार्थ वकीलसाब" म्हणून बाकड्यावर बसायच्या आणि मला आवाज द्यायच्या, "वकीलीणबाई, टाका बरं चहा."

त्यांचं शेत नव्या रस्त्यात आणि त्याच्या कडेच्या सरकारी गोदामात गेलं. शेताला बारमाही विहीर होती, ऊस निघायचा, हळद निघायची. पण मोजणीची माणसं आली ती नेमकी त्या दुष्काळात. विहिरीत डोकावली, तळाला खडक दिसला. लिहून मोकळी झाली, विहीर कोरडी, जमीन जिरायत. मोबदला ठरला तो कोरडवाहूच्या दरानं.

"औंदा समद्या तालुक्याच्या हिरी आटल्या, वकीलसाब," मावशी बाकड्यावर हात आपटून म्हणाल्या. "मग समदा तालुकाच कोरडवाहू म्हना की!"

मालक म्हणाले, वाढीव मोबदल्यासाठी कलेक्टरकडं अर्ज करू, तिथून तो कोर्टात जाईल, वेळ लागेल पण मिळेल. मावशींनी पुढचं सगळं ठरवूनच टाकलं होतं. त्यांचा भाऊ अर्धापूरला असायचा. तिथं कॅनॉलचं पाणी, केळीच्या बागा. भावाच्या ओळखीत एकाची जमीन विकायची होती. थोडी मावशींनी आत्ता घ्यायची, बाकीची वाढीव मोबदला आल्यावर, तोवर ती मावशींनीच बटईनं, पिकाच्या वाट्यावर, करायची. केस उभी आहे तोवर दुसऱ्याला विकत नाही, असा त्या माणसाचा शब्द होता. "पान्याची जमीन गेली, पान्याचीच घेनार," मावशी मला म्हणाल्या. "मरायचं तर हिरव्यात मरू द्या मला."

अर्ज मुदतीत तयार झाला. मालकांची पद्धत अशी की कोर्टाबाहेर टायपिस्टापुढं उभं राहायचं आणि तोंडी मजकूर सांगायचा. त्या दिवशीही सांगितला, कागदात एक काना-मात्रा चुकीची नव्हती. फक्त सुरुवातीला, वकिली सुरू केल्यापासून जे म्हणत आले तेच तोंडातून गेलं, मेहेरबान कलेक्टरसाहेब, उस्मानाबाद. टायपिस्टाच्या बोटांनाही तीच सवय. पाकिटावरही तेच आलं आणि रजिस्टर पोस्टानं अर्ज जुन्या जिल्ह्याला गेला. तिकडच्या लोकांनी तो रीतसर इकडं पाठवला. पण फिरून येईपर्यंत मुदत संपली होती. इथल्या भूसंपादनाच्या कारकुनानं मालकांना जिन्यात गाठून हे सांगितलं.

त्या दुपारी हे घरी आले ते बूट न काढता उंबऱ्यावरच बसले. मला वाटलं ऊन लागलं. मी पाणी दिलं, घेतलं नाही. शेवटी मी ओरडलेच, तेव्हा म्हणाले, "मावशींचा अर्ज मेला. कोर्टातला उशीर माफ होतो गं. पण हा अर्ज कोर्टापुढं नसतो, कलेक्टरपुढं असतो, आणि तिथं उशिराला माफी नाही. पत्ता मी जुना सांगितला."

"मग सांगा मावशींना."

"सांगतो."

सांगतो म्हणाले आणि सांगितलं नाही. चाकूरचा कुणी भेटला की बगल द्यायचे. ओसरीवर येरझाऱ्या, कपाटातून पुस्तक काढायचं, उभ्या उभ्याच मिटायचं. पुढ्यात वाढलेलं तसंच टाकून उठायचे. मीही बेजार. कणीक मळायला घ्यायची आणि हात तसेच ठेवून ओसरीवर यायची. मग एक दिवस माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अहो, विमा आहे की!"

"आहे," मालक म्हणाले. म्हणजे त्यांना ते आधीच आठवलं होतं. "तुझ्या भावाला बोलावून घे."

भाऊ आला तो घाबराघुबरा. पंख्याखाली बसला तरी घाम पुसून राहिला होता. म्हणाला, "दाजी, कंपनीची अट हाय. चूक झाली असं आपल्या तोंडानं कबूल करायचं न्हाई. अर्ज उशिरा पोचला एवढं घडलेलं सांगा, बस. आणि विमा हाय हे तर बोलूच नका. पक्षकाराला कळलं की तो वाट्टेल तेवढं मागतो, म्हणून आपण बोललो तर कंपनी अंग काढून घेते."

मी म्हटलं, "आणि तिनं मागितलंच नाही तर?"

"तर कंपनी काय देणार? दावाच न्हाई तर भरपाई कशाची?"

"अरे शहाण्या! मागितल्याशिवाय द्यायचं नाही, आणि मागता येतं हे तिला सांगायचं नाही. मग तो विमा कुणाचा रे? तुझ्या दाजींनी घेतला कशाला, कपाटात ठेवून पूजा करायला?"

"ताई, माझी नोकरी हाय," तो रडवेला होऊन म्हणाला. "नियम म्या केले का?"

मी मालकांकडं बघितलं. ते पंख्याकडं बघत होते. दोघं पुरुष गप्प, आणि मी एकटीच भांडी आपटत होते. खरं सांगते, त्या दिवशी मला नवऱ्याची कीवही आली आणि चीडही आली. बदनामीला भिणारा माणूस मला कळत होता. पण मावशी तिकडं अर्धापूरच्या केळीचे बेत करत होत्या, हे मला सहन होत नव्हतं.

मग मावशी आल्याच. निरोप न देता, बाजाराच्या दिवशी. हातपाय धुतले, पूजा केली आणि बाकड्यावर बसून म्हणाल्या, "वकीलसाब, अर्धापूरवाला इचारायला लागला, केस कुठवर आली. काय सांगू त्याला?"

मालकांनी खुर्ची सोडली आणि मावशींच्या बाकड्यावर, त्यांच्या शेजारी येऊन बसले. असं ते कधी बसत नसत. म्हणाले, "मावशी, अर्ज उशिरा पोचला. मुदत गेली. केस आता उभी राहत नाही."

"कशानं उशीर झाला?"

मी दारात चहाचा कप घेऊन उभी. भावाची अट माझ्याही कानात वाजत होती. मग हे म्हणाले, "पत्ता जुन्या जिल्ह्याचा गेला. मीच सांगितला."

एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण बोलल्या ते अगदी हळू. "पार संपलं म्हना की." मग पदरानं तोंड पुसलं आणि मालकांकडं वळल्या. "तुमी काय मुद्दाम केलं का? मानूस हाय, चुकला. समदे अजून उस्मानाबादच म्हनत्यात. माझा जावई म्हनंल, वकिलावर दावा लावा, भरून घ्या. म्या न्हाई लावनार. ह्या घरात इतक्या वर्साचं बसनं-उठनं हाय माझं. तुमच्या लेकरांच्या तोंडचा घास काढून मला केळी न्हाई लावायच्या. अर्धापूरवाल्याला सांगते, वीक बाबा तुझी जमीन. माफ केलं म्या तुमाला."

मालकांनी हात जोडले. डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू. मी वाट बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. मावशींनी पिशवी उचलली. हे जोडलेले हात तसेच ठेवून जमिनीकडं बघत राहिले. बाई त्यांच्या लेकरांसाठी, म्हणजे माझ्या लेकरांसाठी, आपली जमीन सोडत होती, आणि त्या लेकरांच्या ताटातला एक दाणाही जाणार नव्हता हे ह्यांना ठाऊक होतं. माफी त्यांनी घेतली. माझ्या डोळ्यांदेखत घेतली.

"मावशी, माफ करू नका!" मी ओरडलेच. कपातला चहा हातावर सांडला. "दावा लावा. भरपाई मागा. आमचं काही जात नाही. ह्यांचा विमा आहे. वकिलाच्या हातून चूक झाली तर कंपनी भरून देते, पण तुम्ही मागितलं तरच."

मग मावशींनी विचारलं, "कवापासून हाय ह्यो इमा?"

"तुमचा अर्ज करायच्या आधीपासून."

"आन आत्ता म्या जमीन सोडून दिली, तवा वकीलसाबला ह्ये ठाव होतं?"

आता माझीच जीभ टाळ्याला चिकटली. मावशींनी उत्तराची वाट बघितली, मालकांच्या तोंडाकडं बघत. मग म्हणाल्या, "चहा ऱ्हाऊ द्या," आणि पायऱ्या उतरून गेल्या.

त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते गल्लीला ऐकू गेलं असणार. मालक म्हणाले, तू माझं नाक कापलंस. मी म्हटलं, नाक शाबूत आहे, बाकीचं काय ते बघा. भावाला त्याच्या साहेबांनी धारेवर धरलं, तेव्हा त्यानंही माझ्याशी बोलणं टाकलं. त्या वर्षी राखीला आला नाही. राखी पोस्टानं पाठवली, तिचीही पोच नाही. त्याचं मला लई लागलं, अजूनही लागतं.

मावशींनी भरपाई मागायचं ठरवलं, पण लातुरातला एकही वकील मालकांविरुद्ध कागद घ्यायला तयार होईना. सगळे म्हणाले, मावशी, आपसात मिटवा. मी म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर नांदेडला, माझ्या ओळखीचे आहेत. मावशींनी निरोप धाडला, तुमची ओळख नको. त्यांच्या भावानं अर्धापूरहून येऊन त्यांना नांदेडच्या एका वकिलाकडं नेलं आणि तिथून मालकांना नोटीस आली. कंपनीनं खूप ताणलं. पक्षकाराला विमा आहे हे कसं कळलं, ह्याच गोष्टीवर अडून बसले. कंपनीचा माणूस चाकूरला जाऊन मावशींना खोदून खोदून विचारून आला. मावशी म्हणाल्या, वकिलानं न्हाई सांगितलं, वकिलाच्या बायकूनं सांगितलं. पत्त्याचं मालक बोलले होते ते नुसतं घडलेलं सांगणं होतं, आणि विम्याबद्दल त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, म्हणून अट मोडली असं कंपनीला म्हणता येईना. ज्या गप्प बसण्यानं माझा जीव जळत होता, त्यावरच तो दावा तगला.

मालक एकदा तसं बोललेही. "बघ, मी गप्प होतो म्हणून निभावलं."

मी हातातलं काम टाकलं. "खरं सांगा. अटीसाठी गप्प होतात, का मावशी निघून जायची वाट बघत होतात?"

हे माझ्याकडं वळले. म्हणाले, "मला ठाऊक नाही." त्या उत्तरासाठी मी त्यांच्यावर कधी रागावले नाही.

शेवटी तडजोड झाली. मागितलं तेवढं नाही, पण आलं. तोवर अर्धापूरवाल्यानं जमिनीचा चांगला भाग विकून टाकला होता. राहिलेला तुकडा मावशींनी घेतला, कॅनॉलच्या शेपटाला, पण पाण्याचा. मालकांनी त्यानंतर नवा पक्षकार आला की कागद घ्यायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, माझ्या हातून चूक होऊ शकते, झाली तर विमा आहे, भरपाई मागायचा तुम्हाला हक्क आहे. काही जण हसायचे. काही जण कागद गुंडाळून समोरच्या वकिलाकडं जायचे. बाररूममध्ये ह्यांना नाव पडलं ते वेगळंच. मी म्हणायची, जाऊ द्या जाणाऱ्यांना. पण ओसरीवरचं बाकडं पहिल्यासारखं भरायचं नाही, आणि ते बघून मलाही कसंतरी व्हायचं.

पाऊसपाणी बरं झालं त्या वर्षी मावशी एकदा आल्या. मुलीकडून उदगीरहून परत जाताना वाट वाकडी करून, आमच्याकडं काही काम नसताना. पायरीवरच थांबल्या, वर आल्या नाहीत. मालक लगबगीनं उठले. "या की मावशी, वर या. तुम्ही मला माफ केलं होतं ते मी विसरलो नाही."

"चुकीला माफ केलं होतं," मावशी म्हणाल्या. "ते म्या परत घेत न्हाई. पर माझी माफी घेताना तुमी गप बसलात. त्याची माफी तुमी अजून मागितलीच न्हाई, वकीलसाब."

मालकांचा चेहरा उतरला. मला ते बघवेना. मी पुढं झाले, मावशींचा हात धरला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

मावशींनी हात सोडवून घेतला. "तुमी न्हाई, वकीलीणबाई. त्यांना बोलू द्या."

मी तोंड मिटलं आणि बाजूला झाले. हे बोलले. अडखळत, मधेच थांबत, पण सगळं बोलले, आणि ते संपेपर्यंत मावशी पायरीवर उभ्याच राहून ऐकत होत्या.